संगणक, पंप आणि पेशंट : परिचारिकांच्या तयारीबद्दल वाचकांचे प्रश्न

इलेक्ट्रॉनिक केसपेपर, बारकोड स्कॅनर, शिरेतून ठरलेल्या वेगाने औषध देणारा इन्फ्युजन पंप ही साधनं वॉर्डात येतात तेव्हा परिचारिकांना बहुतेक वेळा बटणं दाखवली जातात. त्या बटणांमागचं काम शिकवायचं राहून जातं. या विषयावर मागवलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं पुढे देत आहोत.

प्रश्न : आमच्या नर्सिंग कॉलेजात संगणकाचा वेगळा पेपर आहे. टायपिंग, तक्ते, सादरीकरण सगळं शिकवतो. तरीही विद्यार्थिनी वॉर्डात गेल्या की इलेक्ट्रॉनिक केसपेपरसमोर गांगरतात. नेमकं काय बदलावं?
— नर्सिंग ट्यूटर

उत्तर : पेपर वेगळा ठेवला, हेच गांगरण्याचं एक मोठं कारण आहे. टायपिंग येणं आणि पडद्यावरची रुग्णाची नोंद वाचता येणं ही दोन निराळी कौशल्यं आहेत. दुसरं कौशल्य औषधशास्त्राच्या, मेडिकल-सर्जिकल नर्सिंगच्या, बालरुग्ण सेवेच्या तासातच रुजतं. डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध शिकवताना त्याच तासाला पडद्यावर डिगॉक्सिनची ऑर्डर उघडा. नाडीची शेवटची नोंद कुठे दिसते ते शोधायला लावा. प्रौढ रुग्णाची नाडी ६० च्या खाली असेल तर डोस थांबवून तो ‘दिला नाही’ असा कारणासह कसा नोंदवायचा आणि डॉक्टरांना कसं कळवायचं, हे करून घ्या. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००३ मध्ये सगळ्या आरोग्यसेवकांसाठी पाच मूलभूत क्षमता सांगितल्या, त्यांत माहिती-तंत्राचा वापर ही रुग्णकेंद्रित सेवेच्या बरोबरीने धरली होती. २००५ मध्ये सुरू झालेल्या ‘क्वालिटी अँड सेफ्टी एज्युकेशन फॉर नर्सेस’ या उपक्रमानेही तिला सहा क्षमतांमध्ये जागा दिली. विषय सुटा काढून शिकवण्याचा नाही, हे तेव्हाच स्पष्ट झालेलं होतं.

व्यवहारात सुरुवात सरावाच्या प्रणालीपासून करा. रुग्णालयाच्या सॉफ्टवेअरची प्रशिक्षण आवृत्ती मिळाली तर उत्तम. मिळाली नाही तर साध्या तक्त्यांवरही काम भागतं. तिच्यात आठ-दहा काल्पनिक रुग्ण भरा आणि प्रत्येकाच्या नोंदीत एक गोम पेरा. आमच्या मते सगळ्यांत उपयोगी पडणाऱ्या गोमा अशा :

पेनिसिलिनची ॲलर्जी डॉक्टरांच्या टिपणात वाक्यात लिहिलेली आहे, पण ॲलर्जीचा रकाना रिकामा आहे. आता पेनिसिलिनच्याच कुळातल्या अमॉक्सिसिलिनची ऑर्डर आली तर संगणक गप्प राहतो, कारण तो रकाना तपासतो, वाक्य वाचत नाही. हा एक धडा नीट भिनला तर ‘संगणकाने इशारा दिला नाही म्हणजे सगळं ठीक’ हा गैरसमज कायमचा जातो.

पॅरासिटामॉल दोन नावांनी चालू आहे : शिरेतून १ ग्रॅम दर सहा तासांनी आणि शिवाय वेदनाशामक संयुक्त गोळीतून. पहिल्याच ऑर्डरने दिवसाची ४ ग्रॅमची कमाल मर्यादा गाठलेली असते.

एकाच नावाच्या दोन रुग्णा शेजारच्या खोल्यांत आहेत. एकीचा रक्ततपासणीचा अहवाल उघडला की दुसरीचा, हे विद्यार्थिनीने नाव आणि जन्मतारीख किंवा नोंदणी क्रमांक पाहून सांगायचं. खाटेचा क्रमांक ही ओळख नव्हे.

पोटॅशियम ६.८ आलं आहे आणि अहवालाच्या खालच्या ओळीत ‘नमुन्यात रक्तपेशी फुटलेल्या’ असा शेरा आहे, म्हणजे पेशींतलं पोटॅशियम बाहेर येऊन आकडा खोटाच वाढलेला असू शकतो. लाल रंगातला आकडा सगळ्यांना दिसतो, शेरा क्वचितच कोणी वाचतं. विद्यार्थिनीने इथे दोन्ही गोष्टी करायच्या : डॉक्टरांना लगेच कळवायचं आणि नमुना पुन्हा पाठवण्याबद्दल विचारायचं. शेरा आहे म्हणून आकडा सोडून द्यायचा नाही.

परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांची घेऊ नका. विद्यार्थिनीला एका रुग्णाची नोंद उघडून द्या, दहा मिनिटं द्या आणि तोंडी हँडओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीला द्यायची माहिती, द्यायला सांगा. गोम सापडली का, कुठे पाहिल्यामुळे सापडली आणि पुढे ती काय करणार, एवढ्यावर गुण द्या. माउस कुठे फिरतो आहे ते मागे उभं राहून पाहिलं तर कोणती विद्यार्थिनी अंदाजाने चालते आहे ते लगेच कळतं.

प्रश्न : माझी नोकरी पंचवीस वर्षांची आहे. आमच्याकडे दोन महिन्यांनी कागद बंद होऊन सगळं संगणकावर जाणार आहे. तरुण सिस्टर्स भराभर शिकतात, मला भीती वाटते. आत्तापासून काय करू?
— वॉर्डातील ज्येष्ठ परिचारिका

उत्तर : ताई, तुमची सगळ्यांत अवघड अर्धी तयारी झालेली आहे. रुग्णाकडे पाहून काय शोधायचं ते तुम्हाला माहीत आहे. शिकायचं आहे ते फक्त हे, की ते पडद्यावर कुठे असतं.

तुमच्या एका ड्यूटीत तुम्ही कोणकोणते कागद हातात घेता त्यांची यादी आजच करा : ट्रीटमेंट शीट, टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्ट, इनटेक-आउटपुट (पोटात गेलेलं आणि बाहेर पडलेलं पाणी), नर्सेस नोट्स, तपासणीचे फॉर्म, हँडओव्हरची वही. प्रशिक्षणात या प्रत्येक कागदाची जागा पडद्यावर कुठे आहे एवढंच आधी विचारा आणि स्वतःच्या हाताने लिहून घ्या. पूर्ण सॉफ्टवेअर कोणालाच येत नाही. रोजच्या कामाला दहा-बारा पडदे पुरतात.

एक मागणी मात्र व्यवस्थापनाकडे आग्रहाने करा. प्रशिक्षण प्रत्यक्ष सुरुवातीच्या दोन-तीन आठवडे आधी व्हायला हवं. दोन महिने आधी शिकलेलं सरावाअभावी विसरलं जातं. प्रशिक्षणाची वेळ ड्यूटीत धरलेली असावी, रात्रपाळी संपवून बसवलेलं प्रशिक्षण वाया जातं. सुरुवातीचे दोन आठवडे प्रत्येक पाळीत, रात्रीसुद्धा, वॉर्डात एक जाणकार सिस्टर मदतीसाठी मोकळी हवी, म्हणजे तिच्याकडे स्वतःचे रुग्ण सोपवलेले नसावेत. बहुतेक ठिकाणी जाणकार सिस्टर नेमली जाते आणि तिलाही सहा रुग्ण दिले जातात. मग ती कोणालाच मदत करू शकत नाही. या कामासाठी सगळ्यांत वेगाने टाइप करणारी निवडू नये. जिला प्रश्न विचारायला कोणालाही संकोच वाटत नाही अशी सिस्टर निवडावी, आणि ती अनेकदा ज्येष्ठच असते.

प्रश्न : औषध देताना बारकोड स्कॅन करणं सक्तीचं आहे. पण माझ्या वॉर्डात काही जणी रुग्णांच्या मनगटपट्टीचे जादा स्टिकर छापून ट्रॉलीवर चिकटवतात आणि तिथेच स्कॅन करून मोकळ्या होतात. ताकीद देऊन झाली, फरक नाही.
— इन्चार्ज सिस्टर

उत्तर : ताकीद देण्याआधी स्टिकर का लागले ते शोधा. बारकोडचा फायदा खरा आहे. बोस्टनमधील एका मोठ्या रुग्णालयातला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वेळेच्या चुका वगळता औषध देण्यातल्या इतर चुका ११.५ टक्क्यांवरून ६.८ टक्क्यांवर आल्या होत्या. पण हा फायदा पट्टी रुग्णाच्या हातावर असताना स्कॅन केली तरच मिळतो. ट्रॉलीवरचा स्टिकर स्कॅन केला की संगणक म्हणतो ‘रुग्ण बरोबर’, आणि गोळी जाते भलत्याच खाटेवर. वर नोंद अशी राहते की तपासणी झाली होती. स्कॅन न करण्यापेक्षा हे वाईट, कारण पुढची प्रत्येक व्यक्ती त्या नोंदीवर विश्वास ठेवते.

२००८ मधल्या आणखी एका अमेरिकी अभ्यासात अशा पळवाटांचे १५ प्रकार आणि त्यांची ३१ कारणं सापडली. त्यांतली बरीचशी कारणं परिचारिकेच्या हातात नसतात. तुमच्या वॉर्डात एक सकाळची आणि एक रात्रीची औषधफेरी सोबत चाला, काहीही न बोलता, आणि प्रत्येक अडखळण्याची नोंद करा. बहुधा हे दिसेल :

पट्टी ओली होऊन, चुरगळून किंवा सॅनिटायझरने शाई पसरून वाचली जात नाही. उपाय : वॉर्डातच पट्टीचा प्रिंटर आणि नवी पट्टी बांधताना जुनी लगेच कापून टाकण्याची शिस्त. नवजात बाळाच्या बारीक मनगटावर लांबट बारकोड वाकतो आणि वाचला जात नाही. तिथे छोटा चौकोनी कोड लागतो.

स्कॅनरची बॅटरी दुपारी संपते. चार्जिंगची जागा ठरलेली नसते. एका ट्रॉलीमागे एक जादा बॅटरी हा सगळ्यांत स्वस्त उपाय.

कोपऱ्यातल्या खोलीत वाय-फाय पोचत नाही, पडदा फिरत राहतो. त्या खोलीचा क्रमांक लिहून तांत्रिक विभागाला द्या. ‘नेटवर्क स्लो आहे’ अशा मोघम तक्रारीवर काहीच होत नाही.

विलगीकरणाच्या खोलीत ट्रॉली नेता येत नाही. तिथे तारेचा स्कॅनर उपयोगाचा नाही, बिनतारी आणि पुसून निर्जंतुक करता येणारा हवा.

अर्धी गोळी, फोडून दिलेलं सिरप, फार्मसीत भरलेली सिरिंज यांवर कोडच नसतो. हे काम फार्मसीचं आहे. डोसाच्या प्रत्येक पुडीवर लेबल लावूनच माल वॉर्डात यावा.

रुग्ण झोपलेला असतो आणि रात्री दोन वाजता मनगट उलटवून त्याला जागं करावंसं वाटत नाही. पट्टी बांधतानाच कोड वरच्या बाजूला येईल अशी बांधली तर ही अडचण निम्मी होते.

योग्य क्रम एवढाच आहे : रुग्णाला नाव विचारा, पट्टी स्कॅन करा, मग खाटेजवळच प्रत्येक वेष्टन स्कॅन करा, स्कॅन झाल्यावरच ते फोडा, औषध द्या आणि रुग्णाने ते घेतल्यानंतर ‘दिलं’ म्हणा. गोळ्या आधी कपात काढून नंतर रिकामी वेष्टनं स्कॅन करण्याची सवय सगळीकडे आढळते. त्यात दोन रुग्णांचे कप अदलाबदल झाले तर स्कॅनरला काहीच कळत नाही. इन्शुलिनच्या बाबतीत विशेष सांगा की स्कॅनर बाटली ओळखतो, सिरिंजमध्ये ४ युनिट आहेत की ४० हे त्याला दिसत नाही. तिथे दुसऱ्या परिचारिकेची स्वतंत्र तपासणी हवीच.

रुग्णालयांची सुरक्षितता जोखणारी अमेरिकेतली लीपफ्रॉग ग्रुप ही संस्था ९५ टक्के स्कॅनिंगची अपेक्षा ठेवते. पण नुसत्या टक्केवारीवर विसंबू नका, ट्रॉलीवरचे स्टिकरही ती १०० टक्के करून दाखवतात. नोंदीतल्या वेळा पाहा. सहा रुग्णांच्या पट्ट्या दोन मिनिटांत स्कॅन झालेल्या दिसल्या तर त्या एकाच जागी उभं राहून झालेल्या आहेत.

कारणं दूर केल्यानंतर स्टिकर छापण्याची सोय बंद करा. क्रम उलटा केलात तर नवी पळवाट निघेल. आणि तुमच्या सिस्टर्सना हेही सांगा की या पद्धतीची कल्पनाच मुळात परिचारिकेची आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत टोपिका इथल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात काम करणाऱ्या स्यू किनिक यांनी भाड्याची मोटार परत करताना स्कॅनर पाहिला आणि औषधांसाठी तो का नको, असं विचारलं. अडचण पाहणाऱ्या माणसानेच सुधारणा सुचवावी, ही अपेक्षा रास्त आहे.

प्रश्न : इन्फ्युजन पंपात औषधांची यादी भरलेली असते, पंपच गणित करतो. मग विद्यार्थ्यांकडून हाताने गणितं का करून घ्यायची?
— आयसीयूतील ब्रदर

उत्तर : कारण पंप तुम्ही भरलेल्या आकड्यांचं गणित बिनचूक करतो. आकडे चुकीचे असले तरी बिनचूकच करतो.

उदाहरण घ्या. रक्तदाब वाढवणारं डोपामाइन ४०० मिलिग्रॅम २५० मिलिलिटरमध्ये, म्हणजे १ मिलिलिटरमध्ये १,६०० मायक्रोग्रॅम. रुग्णाचं वजन ६० किलो, ऑर्डर ५ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट. ५ गुणिले ६० म्हणजे मिनिटाला ३००, तासाला १८,०००. भागिले १,६००. उत्तर ११.२५ मिलिलिटर प्रति तास. आता कोणी वजन पौंडांत, म्हणजे १३२, किलोच्या रकान्यात भरलं तर पंप २४.७५ दाखवेल आणि रुग्णाला प्रत्यक्षात ११ मायक्रोग्रॅम मिळतील. हा डोस अनेक ठिकाणी मर्यादेच्या आतच बसतो, त्यामुळे इशारा येण्याची खात्री नाही. ज्याने मनात ‘तासाला साधारण अकरा मिलिलिटर’ धरलं आहे तोच थांबेल.

दुसरी चूक पिशवीची. यादीतून ४०० मिलिग्रॅमची तीव्रता निवडली आणि टांगली दुप्पट तीव्रतेची पिशवी, तर पंपाचे सगळे आकडे बरोबर दिसत असताना डोस दुप्पट जातो. पिशवीत काय आहे हे पंपाला ठाऊक नसतं. म्हणून सुरू करण्याआधी पिशवीचं लेबल मोठ्याने वाचून पडद्याशी जुळवायचं, आणि नळी रुग्णापासून पिशवीपर्यंत हाताने धरून पाहायची. हँडओव्हरलाही हेच, दोघांनी मिळून.

मर्यादा दोन प्रकारच्या असतात हे विद्यार्थ्यांना पंप हातात देऊन दाखवा. सॉफ्ट लिमिट विचारतं आणि पुढे जाऊ देतं, हार्ड लिमिट अडवतं. धोका असतो तो यादी बाजूला ठेवून नुसता वेग भरण्याच्या सोयीत. तिच्यात कोणतीच मर्यादा लागू होत नाही. घाईत नेमकी तीच वापरली जाते.

सरावात आणखी दोन गोष्टी घ्या. सिरिंज पंपात कमी वेगाला, म्हणजे तासाला एखाद मिलिलिटर, औषध रुग्णापर्यंत पोचायला बराच वेळ लागू शकतो, कारण पंपाची पकड आणि सिरिंजचा दट्ट्या यांच्यातली फट आधी भरावी लागते. रुग्णाला जोडण्याआधी पंपाच्याच पर्ज (नळीतली हवा काढण्याच्या) बटणाने नळी भरून घेतली तर हा उशीर कमी होतो. आणि मोठ्या पंपावर दुसरी पिशवी लावताना ती मुख्य पिशवीपेक्षा वर टांगायची आणि तिचा रोलर क्लॅम्प उघडायचा. क्लॅम्प बंद राहिला तर पंप मुख्य सलाईन ओढत राहतो आणि अँटिबायोटिक पूर्ण गेल्याची नोंद होते, पिशवी मात्र भरलेलीच राहते.

प्रश्न : मॉनिटरवरून व्हायटल्स (नाडी, बीपी, ऑक्सिजन वगैरे) आपोआप केसपेपरमध्ये जातात. मग परिचारिकेचं काम फक्त ‘ओके’ म्हणायचं का?
— नव्याने रुजू झालेली स्टाफ नर्स

उत्तर : ‘ओके’ म्हणणं म्हणजे ‘हे आकडे याच रुग्णाचे आहेत आणि मला पटले आहेत’ अशी सही आहे. खाट बदलली की मॉनिटरवरून जुना रुग्ण काढून नवा घेणं राहून जातं आणि तासन्‌तास एकाचा बीपी दुसऱ्याच्या नावावर जमा होतो. रुग्ण हलवण्याच्या यादीत ही ओळ लिहूनच ठेवा. ऑक्सिजनचा आकडा थंड बोटांवर, नेलपॉलिशवर, हलत्या हातावर फसवा असतो. पडद्यावरची लाट नीट नसेल तर आकडा स्वीकारू नका. काळ्या त्वचेच्या रुग्णांमध्ये हा आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो, हे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी आकडेवारीतून ठळकपणे पुढे आलं.

श्वासाचा वेग मात्र बहुतेक वॉर्डांत हातानेच भरला जातो, आणि तिथेच सगळ्यांत जास्त अंदाजपंचे काम चालतं. संगणक त्यावरून धोक्याचा गुणांक काढत असेल तर त्याची किंमत पाहा. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये आणलेल्या आणि २०१७ मध्ये सुधारलेल्या ‘न्यूज-२’ पद्धतीचं उदाहरण घेऊ. रुग्ण ऑक्सिजनशिवाय, पूर्ण शुद्धीत. श्वास २४ : गुण २. ऑक्सिजन पातळी ९५ : गुण १. ताप ३८.३ सेल्सिअस : गुण १. वरचा बीपी ११२ : गुण शून्य. नाडी १०४ : गुण १. बेरीज ५. म्हणजे डॉक्टरांनी तातडीने पाहायचं आणि किमान दर तासाला व्हायटल्स घ्यायचे. आता श्वास न मोजता सवयीने १८ लिहिले तर बेरीज ३ होते, आणि तीच प्रणाली सांगते की चार ते सहा तासांनी पुन्हा पाहिलं तरी चालेल. जंतुसंसर्ग रक्तात पसरत असलेल्या रुग्णासाठी एवढे तास फार आहेत. श्वास पूर्ण एक मिनिट मोजा, नाडी धरल्यासारखं करून, म्हणजे रुग्णाला कळणार नाही आणि तो श्वास बदलणार नाही.

मोजल्याची खरी वेळ नोंदवा, टाइप केल्याची नव्हे. दहा वाजताचे व्हायटल्स साडेबारा वाजता भरले आणि वेळ बदलली नाही, तर आलेख खोटा होतो. मधल्या अडीच तासांत इशारा देऊ शकणारी प्रणालीही तोवर आंधळीच असते.

प्रश्न : घाईत एकीने लॉगिन केलं की सगळ्या जणी त्यावरच नोंदी करतात. एवढं काय बिघडतं?
— नाव देऊ नये

उत्तर : बरंच बिघडतं. प्रणाली प्रत्येक नोंदीमागे नाव आणि वेळ साठवते. मॉर्फिनचा डोस कोणी दिला हा प्रश्न उद्या निघाला तर उत्तर तुमचं नाव असेल, तुम्ही जेवायला गेलेल्या असलात तरी. आणि त्याहून तातडीचं म्हणजे तोच डोस पुन्हा द्यायचा की नाही हे विचारायला पुढची सिस्टर चुकीच्या व्यक्तीकडे जाईल. पण हाही दोष मुळात यंत्रणेचा असतो. लॉगिनला पाऊण मिनिट लागत असेल आणि एका ड्यूटीत ते पन्नास वेळा करायचं असेल, तर माणसं वाट काढणारच. ओळखपत्र टेकवून उघडणारा पडदा मागा. तोवर उठताना पडदा बंद करायची बटणजोडी सगळ्यांना पाठ करवा.

प्रश्न : आमच्याकडे आता कृत्रिम बुद्धिमत्ता सेप्सिसचा, म्हणजे जंतुसंसर्गामुळे उद्भवणाऱ्या जीवघेण्या अवस्थेचा, इशारा देणार आहे. परिचारिकांना त्याबद्दल काय शिकवावं?
— नर्सिंग सुपरिंटेंडंट

उत्तर : आधी हे शिकवा की इशारा न येणं हा रुग्ण बरा असल्याचा पुरावा नाही. अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर वापरात असलेल्या एका सेप्सिस-अंदाज प्रणालीची मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयात स्वतंत्र तपासणी झाली, ती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. सेप्सिस झालेल्यांपैकी ६७ टक्के रुग्ण तिच्याकडून निसटले, आणि दाखल झालेल्या एकूण रुग्णांपैकी १८ टक्क्यांवर तिने इशारे दिले. म्हणजे इशारेही पुष्कळ आणि निसटणारेही पुष्कळ.

प्रशिक्षणात तीन कामं बसवा. इशारा आला की आधी खाटेजवळ जायचं, व्हायटल्स स्वतः घ्यायचे, त्वचा, लघवीचं प्रमाण आणि शुद्धी पाहायची, मगच पडद्यावर उत्तर द्यायचं. पटलं नाही तर ‘दुर्लक्ष’ दाबताना कारण लिहायचं, कारण तीच कारणं वाचून मर्यादा सुधारता येतात. आणि इशारा नसताना रुग्ण बिघडल्यासारखा वाटला तर डॉक्टरांना बोलवायचा अधिकार परिचारिकेला लेखी हवा. हे तिसरं काम तुमचं आहे, सुपरिंटेंडंट म्हणून. ते प्रणाली सुरू होण्याच्या आधी करा, आणि पुरवठादाराला विचारा की ही प्रणाली तुमच्याकडे येतात तशा रुग्णांवर तपासली आहे का.

संभाषण ऐकून आपोआप टिपण लिहिणारी साधनंही येत आहेत. त्यांचं टिपण स्वीकारण्याआधी चार जागा दर वेळी पाहायच्या : आकडे, औषधांची नावं, डावं-उजवं, आणि ‘नाही’. ‘छातीत दुखत नाही’ मधला नकार गळला तर वाक्य व्याकरणाने शुद्धच राहतं, म्हणून नजर सहज पुढे जाते.

प्रश्न : प्रणाली बंद पडली की वॉर्डात गोंधळ उडतो. तयारी कशी करावी?
— रात्रपाळीच्या सुपरवायझर

उत्तर : ती किती वेळ बंद राहील हे आधी सांगता येत नाही, असं धरून चाला. मे २०२१ मध्ये आयर्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेवर सायबर हल्ला झाला, तेव्हा सगळं पूर्ववत व्हायला साधारण चार महिने लागले. नव्या पिढीच्या काही परिचारिकांनी कागदी ट्रीटमेंट शीट कधी भरलेलीच नसते, हेही लक्षात घ्या.

प्रत्येक वॉर्डात एक सीलबंद पेटी ठेवा. तिच्यात कोऱ्या ट्रीटमेंट शीट्स, गुणांकाच्या तक्त्यासह व्हायटल्सचे कागद, इनटेक-आउटपुट चार्ट, प्रयोगशाळा आणि रक्तपेढीचे फॉर्म, हाताने लिहायच्या मनगटपट्ट्या, अंतर्गत फोन क्रमांकांची यादी, पेनं. शिवाय एका संगणकावर रुग्णांच्या चालू औषधांची आणि ॲलर्जीची प्रत ठरावीक अंतराने आपोआप उतरत राहिली पाहिजे. त्याला बॅटरी बॅकअप हवा आणि प्रिंटर थेट तारेने जोडलेला हवा, नेटवर्कवरचा चालणार नाही. दर महिन्याला त्यातून एक पान प्रत्यक्ष छापून पाहा. शाई वाळलेली आहे हे आणीबाणीत कळून उपयोग नाही.

बंद पडल्यावर पहिल्या दहा मिनिटांत : वेळ लिहा, प्रत छापा, ती प्रत संगणकावर शेवटची उतरल्यानंतर आणि प्रणाली बंद पडण्याआधी कोणते डोस दिले ते प्रत्येक परिचारिकेकडून त्याच वेळी विचारून शीटवर चढवा. ही मधली खिडकी सगळ्यांत घातक असते. स्कॅनर नसल्यामुळे जास्त धोक्याच्या औषधांना, म्हणजे इन्शुलिन, हेपॅरिन, अफूजन्य वेदनाशामकं, पोटॅशियम यांना, दोन जणींची तपासणी लागू करा. तातडीचे अहवाल फोनवर घेताना आकडा लिहून परत वाचून दाखवायचा.

प्रणाली परत आली की आणखी एक सापळा समोर येतो. कागदावर दिलेले डोस पडद्यावर ‘थकीत’ म्हणून लाल दिसतात आणि नुकतीच ड्यूटीवर आलेली सिस्टर ते पुन्हा देते. म्हणून नोंदी चढवण्याचा क्रम ठरवून ठेवा : आधी नव्या ॲलर्जी, मग दिलेली औषधं, मग इनटेक-आउटपुटची बेरीज आणि शेवटचे व्हायटल्स. एकीने वाचायचं, दुसरीने भरायचं, प्रत्यक्ष दिल्याची वेळ टाकायची. औषधांची नोंद पूर्ण होईपर्यंत त्या वॉर्डात कागदी शीट हीच खरी मानायची, आणि ती नोंद पूर्ण झाल्याचं इन्चार्ज सिस्टरने मोठ्याने जाहीर करायचं. मूळ कागद फाडायचे नाहीत, ते केसपेपरला जोडायचे.

सराव वर्षातून किमान दोनदा घ्या आणि त्यातला एक रात्री तीन वाजता. दिवसा तांत्रिक विभाग, फार्मसिस्ट, इन्चार्ज सगळे हाताशी असतात, त्यामुळे दिवसाच्या सरावात पेटीची किल्ली कोणाकडे आहे हा प्रश्न कधीच निघत नाही.